झाडाला जामीन

आमच्या कुसळवाडीत झाडाला दम द्यायची रीत आहे. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. मी स्वतः कित्येक वर्षं तो दम देत आलोय, आणि या कामात माझ्याइतका पटाईत माणूस बालाघाटाच्या अल्याडपल्याड सापडायचा नाही.

रीत अशी. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला सगळं गाव रानात जेवतं. आंबील पिऊन, भज्जी-भाकरी हाणून पोटं तट्ट झाली की एकानं कुऱ्हाड घ्यायची आणि जे झाड फळ धरत नाही त्याच्यापुढं जाऊन उभं राहायचं. "काय रं, धरणार का न्हाई? का तोडू?" असं तीनदा विचारायचं. मधून मधून कुऱ्हाडीच्या पाठीनं खोडावर दणके घालायचे, दोनचार फांद्या छाटायच्या. मग गर्दीतनं एकानं पुढं येऊन बुंध्याला हात लावायचा आणि म्हणायचं, "नको तोडू. मी जामीन." जामीन मिळाला की झाड सुटलं.

कुऱ्हाडवाला मी, बिभीषण थोरबोले. जामीन कायम आमच्या महानंदावहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. गावातल्या प्रत्येक आळशी झाडाला वहिनी जामीन राहिल्यात. मला मात्र एकदाही नाही. पोलीसपाटलाच्या म्हशीला मी चुन्यानं झेब्रा केलं होतं, तेव्हासुद्धा नाही.

यंदा दम द्यायला झाड शोधायची गरजच पडली नाही. वस्तीपासून वर डोंगरापर्यंत सगळा माळ खराट्यासारखा उभा होता. शेवगाच शेवगा, आणि वहिनींच्या न्हाणीजवळचं एक सोडलं तर पान एकावरही नाही.

हा शेवगा कंपनीचा. नाव 'बारमाही'. दहाएक वर्षांपूर्वी कंपनीनं रोपं आणून दिली तेव्हा आम्ही त्यांना ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. पाणी कमी, पाला दुप्पट, आणि पाल्याला तो उग्र वास नाही. शहरातल्या लोकांना शेवग्याची पावडर दुधात घालून प्यायची असते, पण शेवग्याचा वास नको असतो. आंघोळ करायची पण भिजायचं नाही, अशातला प्रकार. चालायचंच.

बारमाहीची एक खोड होती. पाला कापला की झाड झोपायचं. मग कंपनीचा ड्रोन यायचा, त्याला आम्ही भुंगा म्हणतो. तो 'जागर' नावाचं औषध फवारायचा आणि आठवड्याभरात झाडाला डोळे फुटायचे. अशी वर्षातनं भरपूर कापणी. या पाल्यावर वहिनींनी बायका जमवून सावलीघर उभं केलं. पाला ओरबाडायचा, मिठाच्या पाण्यात धुवायचा, जाळीवर सावलीत पसरायचा, कुरकुरीत झाला की दळून चाळायचा. उन्हात वाळवला तर रंग उडतो, म्हणून सावली. सावलीघराच्या पावडरीवर वस्तीवरच्या पोरी शिकल्या. वहिनींची ईश्वरी तर वनस्पतिशास्त्रात पदवी घेऊन आली आणि त्याच कंपनीत साहेबीण झाली.

यंदा दिवाळीनंतर कंपनीनं करारात नवं कलम घातलं. पाला हिरवाच द्यायचा, कंपनीच्या फाटकावर. वाळवणं-दळणं कंपनी करणार. गावात सावलीघर चालू राहिलं तर जागर बंद.

वहिनी सभेत उठल्या. "पाला आमचा, सावली आमची, हात आमचे. मग तुमचं काय?"

कंपनीचा साहेब म्हणाला, "झाड."

त्या दिवसापासून भुंगा यायचा तो नुसता फोटो काढून जायचा. सावलीघरातल्या जाळ्या रिकाम्या पडल्या. बायका येऊन बसायच्या, रिकाम्या चाळण्या धुवायच्या आणि घरी जायच्या. आता किती दिवस दम निघतोय एवढाच प्रश्न होता. झाडं उठली नाहीत तर सावलीघराला कुलूप, हे शेंबड्या पोराला कळत होतं.

तर वेळ अमावस्या. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, जेवणं झाली, पण सगळ्यांची तोंडं उतरलेली. मला असली तोंडं बघवत नाहीत. मी कुऱ्हाड घेतली आणि माळाच्या पहिल्या वळीपुढं, म्हणजे झाडांच्या ओळीपुढं, जाऊन उभा राहिलो.

"काय रं बारमाह्या, उठतो का तोडू?"

मागनं कुणीतरी ओरडलं, "त्याला काय दम देतो बिभ्या! कंपनीचा माल हाय, त्याला मराठी कळतंय व्हय?"

हशा पिकला. मलाही पटलं. मग मला आणखी चांगलं सुचलं. पहिल्या वळीला लागूनच, वहिनींच्या न्हाणीमागं एक जुना देशी शेवगा आहे. त्यांच्या माहेरच्या झाडाची फांदी ओल्या पोत्यात गुंडाळून आणून लावलेला. अख्ख्या शिवारात तेवढा एकच देशी उरलेला, न्हाणीच्या पाण्यावर थंडीतही हिरवा. बाकीचे कंपनीनं कधीच तोडायला लावले. देशीवरची केसाळ अळी बारमाहीवर येते म्हणे. वहिनींनी तेवढं एक तोडलं नाही. साहेब आला की धुण्याच्या गोधड्या त्यावर वाळत घालायच्या.

मी बारमाहीकडं तोंड करून ओरडलो, "मराठी कळत न्हाई तर डोळ्यानं बघा! ही तुमची चुलती. आता तुमच्यादेखत हिला असा मार देतो की तुमची पाचावर धारण बसली पाहिजे!"

आणि घातले की दणके. खोड दणाणलं. फांद्या छाटल्या, पाला पायाखाली तुडवला, उचलून पहिल्या वळीकडं भिरकावला. मुळ्यासारखा असला झणझणीत वास सुटला की पोरं नाक धरून पळाली. गाव पोट धरून हसत होतं.

वहिनी हसता हसता आल्या, बुंध्याला हात लावला. "पुरे करा भावजी, मी जामीन. येड्यागत माझं झाड सोलायलेत."

गंमत झाली, संपलं. मी विसरूनही गेलो.

आठवड्यानं वहिनींनी मला पहाटेच उठवलं, हाक मारून नाही, थेट ढोसून. "भावजी, उठा. बघा चला."

पहिली वळ जागी झाली होती. सगळी वळ! प्रत्येक काडीवर तांदळाएवढे हिरवे डोळे. दुसरी वळ अर्धीमुर्धी. तिसरीपासून वर पुन्हा खराटे.

"जागर कुणी आणला?" मी विचारलं.

"तुमीच मार दिला होता की त्यांच्या चुलतीला," वहिनी म्हणाल्या. आम्ही दोघंही हसलो आणि मग दोघंही एकदम न्हाणीकडं बघायला लागलो.

त्याच दुपारी ईश्वरी आली. अंगात कंपनीचं हिरवं जाकीट. भुंग्याच्या फोटोत पहिली वळ दिसली होती, म्हणून तिला धाडलेलं. आईला पाणी मागायच्या आधी तिनं विचारलं, "आई, जागर कुठून चोरला?"

"चोरला म्हणतीस? पेला कुठं ठेवलाय ते तरी आठवतंय का या घरातला?"

"आई, मी कामावर आलेय."

"मग साहेबीणबाई, बाहेरच बसा. घरात माझी लेक येती."

मी मध्ये पडलो. पोरीला न्हाणीमागं नेलं आणि खरं काय ते सांगितलं, दम आणि दणक्यांसकट. मला वाटलं ती हसेल. तिनं खाली पडलेली सुकी डहाळी उचलली, देशीचं एक ओलं पान तोडलं, बोटात चुरडलं आणि नाकाला लावलं. मग बारमाहीचं कोवळं पान चुरडलं आणि हुंगलं. मग धुण्याच्या दगडावर मटकन बसली.

"काका, झाडाला नाक नसतं, पण वास कळतो. अळीनं पान कुरतडलं की जखमेतनं वास सुटतो. तो शेजारच्या झाडाला पोचला की ते सावध होतं, कामाला लागतं. गवत कापल्यावर वास येतो ना? आपल्याला तो गोड वाटतो. खरं तर गवत बोंबलत असतं."

"म्हणजे ही चुलती बोंबलली?"

"बोंबलली. आणि त्यांनी ऐकलं." तिनं माळाकडं बोट केलं. "शेवगा मुळातच थंडीत, पाणी तुटलं की पानं टाकून झोपतो. कंपनीनं त्या झोपेला कुलूप लावलं. जागर ही किल्ली. कुलूप आहे हे मला माहीत होतं, पण दार कुठलं ते आम्हाला कधी सांगितलं नाही. आता कळलं. नवं दार करायला वर्षं लागतात, म्हणून त्यांनी झाडात होतं तेच वापरलं, जखमेच्या वासाचं. जागर म्हणजे त्या बोंबेची नक्कल. एकराला चमचाभर पुरतो."

"मग आम्ही बारमाही कापतो तेव्हा ती स्वतःच का बोंबलत न्हाई?"

"मुकी केलीय, काका. तिचा वास काढून घेतला. नाहीतर प्रत्येक कापणीला ती स्वतःच स्वतःला उठवेल. त्या वास नसलेल्या पावडरीची एवढी जाहिरात केली आम्ही…" ती थांबली. "आणि म्हणूनच शिवारात देशी झाड नको. अळीबिळी निमित्त. न्हाणीजवळचं बारमाही दरवेळी जागराच्या आधीच फुटायचं, आठवतंय? आई रोज भाजीला पाला तोडायची ना."

मला आनंदानं उडी मारावीशी वाटली. पोरगी मात्र रडकुंडीला आलेली.

"आता काय सांगणार साहेबाला?" मी विचारलं.

"मी नाही सांगितलं तरी ते शोधतील. भुंग्याला वळ दिसलीय. उद्या-परवा येतील आणि झाड तोडतील. करारात लिहिलंय, देशी झाड दिसलं की काढायचं. जाग्यावर भुगा करायचा, म्हणजे फांदीसुद्धा कुणाला लावता येऊ नये."

"भुगा?"

"मशीन आणतात."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. माझं तोंड बहुतेक तेव्हाच पसरलं असावं, कारण ती म्हणाली, "काका, नको. तुमचं हे तोंड मी लहानपणापासून ओळखते."

"नुसत्या दणक्यानं एक वळ उठली," मी म्हणालो. "अख्खं झाड दळलं तर?"

तिनं माळाकडं बघून हिशेब केला असावा. म्हणाली, "वारा वर जायला हवा. डोंगराकडं."

"सकाळी वारा डोंगरावरनं गावाकडं येतो. ऊन तापलं की फिरतो. तुझ्या जन्माच्या आधीपासून फिरतोय."

अवघड काम पुढंच होतं. वहिनींना सांगायचं. सावलीघरात रिकाम्या जाळीवर बसून त्यांनी सगळं ऐकलं आणि हातातली चाळण माझ्या अंगावर फेकली.

"माझ्या आईच्या दारातलं झाड हाय ते! तुमच्या गमतीपायी मी ते मशिनीत घालू?"

"वहिनी, शेवगा तोडल्यानं कधी मेलाय का? बुंधा ठेवला की पावसाळ्याच्या आत दुप्पट फुटतो. फांदी जमिनीत खोचली की झाड. आपण आधीच फांद्या काढू, घरटी एक. तोडायला ते येणारच हायेत. आपण रडत बसायचं का त्यांच्याच मशिनीनं आपली झाडं उठवून घ्यायची, एवढंच ठरवायचंय."

वहिनी उठून न्हाणीमागं गेल्या. बुंध्याशी उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. परत आल्या तेव्हा पदर खोचलेला होता.

"बुंध्याला मशीन लागता कामा नये. आणि ईश्वरीची नोकरी जाता कामा नये. ती यात न्हाई."

"न्हाई," मी म्हणालो. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

संध्याकाळपर्यंत वस्तीवरच्या प्रत्येक न्हाणीमागं एकेक फांदी खोचली गेली. वरनं शेणाचा गोळा. झाडावर मधला दांडगा पसारा तेवढा राहू दिला.

सभेतले ते सरपोतदार साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी आले. माणूस वाईट नाही, पुण्याचा, घड्याळ बघून श्वास घेणारा. बरोबर झाड कापणारा गडी, भुगा करायचं मशीन ओढणारा ट्रॅक्टर आणि जाकीट घातलेली ईश्वरी. वस्ती सगळी जमलेली. वहिनींची चूल पेटलेली, आणि तिचा धूर गावाकडं पळत होता. वारा अजून उलटा.

मी कुऱ्हाड खांद्यावर टाकून आडवा उभा राहिलो.

"थोरबोले, बाजूला व्हा. कायदेशीर काम आहे."

"कराच की साहेब. पण विचारल्याशिवाय तोडलेलं झाड बाधतं. अंगाला खाज सुटती, महिनाभर जात न्हाई. आमच्या तात्यांनी तर कपडेच सोडले होते."

कापणाऱ्या गड्यानं लगेच करवत खाली ठेवली. "साहेब, विचारून घेऊ द्या की. आपलं काय जातंय?"

"विचारा! लवकर विचारा!"

मी घसा खाकरला. "काय रं शेवग्या! तू कोण, कुठला…" आणि झाडाचं कूळ सांगायला घेतलं. वहिनींच्या माहेरापासून सुरू केलं. त्यांच्या आजीनं कुणाच्या बांधावरनं फांदी आणली, त्या बांधावरनं कुणाची डोकी फुटली, कोर्टात काय झालं, वकील कसा दमेकरी होता. साहेबानं घड्याळ बघितलं. मी वकिलाच्या मेव्हण्यावर आलो. धूर जरा सरळ झाला.

"हे पहिलं विचारणं झालं," मी म्हणालो. "आता दुसरं."

"थोरबोले!"

"साहेब, मध्ये टोकलं की पहिल्यापासून."

गडी म्हणाला, "नका हो टोकू, साहेब."

दुसऱ्या विचारण्यात मी शेवग्याच्या शेंगांची आमटी कशी करावी ते सांगितलं. त्यावर बायकांमध्ये चिंच का आमसूल अशी खरीखुरी भांडणं लागली, त्यात आणखी वेळ गेला. ऊन डोक्यावर चढलं. धूर उभा झाला, डगमगला आणि हळूच डोंगराकडं कलला.

"आता तिसरं!" मी गरजलो. "धरतो का तोडू? बोला, हाय का कुणी जामीन?"

इथं सगळ्यांनी गप्प राहायचं ठरलं होतं. कुणी जामीन नाही, मग तोडा, असं. मी वहिनींकडं बघितलं. इतक्या वर्षांची सवय, त्यांचे ओठ हलत होते. त्यांनी पदर तोंडात धरला. मी तोंड उघडलं, "जामीन न्हाई, तर मग…"

"मी जामीन."

ईश्वरी पुढं आली होती. तिनं जाकीट काढलं, नीट घडी घालून ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवलं आणि बुंध्याला हात लावून उभी राहिली. हे आमच्या ठरलेल्यात नव्हतं. देवाशपथ नव्हतं.

"ईश्वरी, तू कंपनीची माणूस आहेस," साहेब म्हणाला.

"होते."

"आणि कशाचा जामीन देतेयस?"

"हे झाड परत येईल याचा. आणि तुमचं कुलूप कसलं आहे ते विचारेल त्याला मी सांगेन याचा."

साहेबाचा चेहरा पांढरा पडला. आता त्याला एकच सुचलं. "तोडा! आत्ताच्या आत्ता!"

ईश्वरी बाजूला झाली. जाता जाता गड्याला म्हणाली, "दादा, गुडघ्याच्या वर कापा. खाली दगड आहे, पातं जाईल." तिथं दगडाचा खडासुद्धा नव्हता.

करवत फिरली. पसारा कोसळला. मशीन सुरू झालं आणि त्याच्या नळीतनं हिरवा भुगा कारंज्यासारखा उडायला लागला. आणि तो वास! डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी. साहेब रुमाल धरून खोकत होता. पोरं नाचत होती. वरनं उन्हाची ती झळ, खालनं वर जाणारा वारा, आणि आमची चुलती शिवारभर बोंबलत निघाली होती. माळाच्या प्रत्येक वळीत शिरत, डोंगरापर्यंत.

त्या गोंधळात वहिनी लेकीजवळ गेल्या. पितळी पेला भरून आंबील तिच्या हातात दिली. पोरीनं एका दमात संपवली.

"पेला कुठं ठेवायचा?" तिनं विचारलं.

"फळीवर. जिथं कायम असतो तिथं."

पुढच्या आठवड्यात माळ फुटला. आधी हिरवी धूळ बसल्यासारखा दिसला, मग रोज गडद होत गेला. सगळ्या वळी, डोंगराच्या पायथ्यापर्यंत. सावलीघराच्या जाळ्या भरल्या, आणि बायका हात चालवता चालवता पुन्हा चिंच का आमसूल यावर आल्या.

साहेबाचा फोन आला. मी वहिनींच्या फोनचा आवाज मोठा केला.

"काय फवारलंत तुम्ही?"

"आमी कुठं, साहेब? तुमीच फवारलंत की. आमच्याच दारात, तुमच्याच मशिनीनं. उपकार झाले."

तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. तक्रार करायची तर कुलूप कसलं ते उघड सांगावं लागणार होतं, आणि अळीचं काय तेही. कंपनीचे वकील काहीतरी शोधतीलच. शोधू द्या. ईश्वरीनं गावोगाव पत्रं धाडायला सुरुवात केलीय, जिथं जिथं बारमाही आहे तिथं तिथं. खाली एकच ओळ: देशीची एक फांदी न्यायला या. रोज कुणीतरी ओलं पोतं घेऊन येतंय. न्हाणीमागचा बुंधाही फुटलाय, अंगठ्याएवढा जाड फुटवा.

परवा भुंगा आला. वहिनींच्या न्हाणीवर येऊन थांबला, गूं गूं करत, एक डोळा खाली. नव्या फांद्या मोजत असावा. सावलीघरातल्या बायका बाहेर येऊन वर बघायला लागल्या.

मी आतनं कुऱ्हाड आणली. पायऱ्या चढून न्हाणीच्या भिंतीवर उभा राहिलो आणि कुऱ्हाड त्याच्या डोळ्यापुढं धरली.

"काय रं भुंग्या, जातो का तोडू?"

तो लटकलेलाच.

"जातो का तोडू?"

खाली बायका हसायला लागल्या.

"तिसऱ्यांदा विचारतोय. जातो का तोडू? बोला गं, हाय का कुणी याला जामीन?"

मी वहिनींकडं बघितलं. वहिनींनी ईश्वरीकडं बघितलं. ईश्वरीनं दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि आभाळाकडं बघत उभी राहिली.